छत्तीस चिंबोऱ्यांचा पूर्ण भूतकाळ

नूपुर केळुसकरला मुलाखतीचा मेल आला, तेव्हा आबांनी तो छापून आणायला लावला. कागद हातात आल्याशिवाय त्यांना मजकूर खरा वाटत नसे. आबा म्हणजे तिचे आजोबा, रमाकांत. सरकारी खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, तरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची झाली की ते आधी ‘विषय’ लिहीत, मग ‘संदर्भ’, आणि उद्या दूध नको हे तिसऱ्या परिच्छेदात.

मेल परळच्या एका सागरी संशोधन फाउंडेशनचा होता. किनाऱ्यावर फिरून तिथले जीव मोजणारी सहायक त्यांना हवी होती. जागा एक, नेमणूक तीन वर्षांची. नूपुरला ती जागा इतकी हवी होती की तसं मोठ्याने म्हणायचीही तिला भीती वाटत होती. कारण दुसरा रस्ता घरात तयार होता. एक तारखेपासून दादरलाच बँक परीक्षांचा क्लास सुरू होणार होता आणि त्याचा भरलेला फॉर्म फ्रिजच्या दारावर लावलेला होता. केळुसकरांच्या तीन पिढ्या टेबलामागे बसल्या होत्या. चौथीने खडकांवर का फिरावं, हे बाबांना कळत नव्हतं.

“ही झाली तर ठीक,” ते म्हणाले होते, “नाही तर एक तारीख.”

मेलच्या शेवटी एक ओळ होती. उमेदवाराने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग इंग्रजीत, तीन मिनिटांत सांगावा.

“प्रसंग म्हणजे भूतकाळ,” नलूआत्या म्हणाली. ही बाबांची मोठी बहीण. गिरगावातल्या शाळेत तिने तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि दर रविवारी गोखले रोडवरच्या या घरी येताना ती पर्समध्ये लाल पेन घेऊन यायची. “चारही भूतकाळ आले पाहिजेत. साधा काय, कुणीही वापरतो. पण ‘हॅड गॉन’, ‘हॅड सीन’ असा पूर्ण भूतकाळ आला ना, की समोरच्याला कळतं, मुलगी चांगल्या घरातली आहे.”

“आत्या, प्रसंग आधी ऐकशील का?”

“ऐकते की. पण प्रत्येकी एक तरी आला पाहिजे.”

नूपुरकडे सांगण्यासारखा प्रसंग एकच होता आणि तो तिने दोन वर्षं घरात सांगितला नव्हता. तिने तो मराठीतच सुरू केला.

पदवीच्या शेवटच्या वर्षी तिने वरळी कोळीवाड्याजवळच्या खडकांवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मोजल्या होत्या. सगळ्या मोजणं शक्य नसतं, म्हणून त्याची एक पद्धत असते. काही पकडायच्या, खूण करून सोडून द्यायच्या, आणि तीन दिवसांनी पुन्हा पकडून त्यांत खुणेच्या किती ते बघायचं. नूपुरने छत्तीस चिंबोऱ्यांच्या पाठीवर मोरपिशी नेलपॉलिशने एक ते छत्तीस आकडे घातले. तीन दिवसांनी तीस पकडल्या. त्यांत खुणेची निघाली एक.

“म्हणजे काय?” बाबांनी विचारलं.

“असं बघा. लग्नाच्या हॉलमध्ये छत्तीस जणांना फेटे बांधले आणि गर्दीत सोडून दिलं. मग पंगतीतली तीस माणसं बघितली, तर फेटेवाला एकच. म्हणजे हॉलमध्ये माणसं किती? छत्तीस गुणिले तीस. एक हजार ऐंशी.”

“किंवा फेटेवाले आधीच्या पंगतीला जेवून गेले,” बाबा म्हणाले.

“जेवून नाही गेले, बाबा. जेवणात गेले.”

मग तिने शेवंतामावशीचं सांगितलं. शेवंतामावशी कोळीवाड्यात राहायची, दादरच्या बाजारात मासळी विकायची आणि नूपुरला ओहोटीच्या वेळा सांगायची. दुसऱ्या मोजणीनंतर तिने नूपुरला घरी जेवायला बसवलं. भात आणि चिंबोऱ्यांचा रस्सा. पहिल्या सहांची कवचं मावशीने आधीच काढली होती; सातवी चिंबोरी हातात घेतली, तर तिच्या शिजून लाल झालेल्या पाठीवर मोरपिशी सतरा. अक्षर नूपुरचंच होतं.

“मावशी, ही कुठली?”

“खडकावरची. अगो, कुनीतरी भरलेल्या बघून खूण करून ठेवलेल्या. मी म्हटलं बरं झालं, आपली मेहनत वाचली.”

“अहो, खूण मी केली होती! मोजायला!”

“रिकाम्या चिंबोरीला कोन कशाला रंगवेल? अवसेच्या होत्या, मांसानं गच्च भरलेल्या. शेजारी पन वाटल्या. सगल्यांनी नाव काढलान.” आणि मग जराशी रागावून, “मोजायच्याच होत्या तर मना इचारायचं होतंस.”

नूपुरने कवच धुऊन पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या प्रकल्पाच्या सरांना दाखवलं. सर तोवर एक हजार ऐंशीचा आकडा प्राचार्यांना कळवून मोकळे झाले होते. “एका कवचावरून निष्कर्ष काढायचा नसतो,” ते म्हणाले. “नमुना फार लहान आहे.” एक हजार ऐंशीसुद्धा एकाच चिंबोरीवर उभे होते, हे नूपुरच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

ते प्रमाणपत्र टीव्हीच्या वर टांगलेलं होतं. सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं, आणि मग एकदम दुसरीकडे.

“प्रसंग चांगला आहे,” आबा म्हणाले. “मसुदा मी करतो.”

“मसुदा कशाला, आबा? मी नुसतं सांगणार आहे.”

“नुसतं सांगून आजवर कुणाचं भलं झालंय?”

केळुसकरांच्या घरात कुठलाही कागद एकट्याने बाहेर जात नसे. सोसायटीला तक्रार असो की मुंजीचं आमंत्रण, आबा पेन्सिलने मसुदा करत, नलूआत्या लाल पेनाने तपासायची, बाबा हिरव्या शाईने शेरा मारत, आणि आई खाली ‘पाहिले’ लिहून सही करायची, कारण पाहण्यापलीकडे तिला अधिकार नव्हते. मग कागद आबांकडे ‘मान्य’साठी परत.

त्या रविवारी चिंबोऱ्यांची फाइल संध्याकाळपर्यंत फिरली. कोळीवाड्याची ‘किनारी वसाहत’ झाली. शेवंतामावशीला बाबांनी ‘लोकल स्टेकहोल्डर’ केलं. त्यांच्या विमा कंपनीत नुकतंच तसं प्रशिक्षण झालं होतं. फेट्यांचं उदाहरण आत्याने काढून टाकलं, कारण ते समजत होतं. खरा खोळंबा झाला तो एका वाक्यापाशी.

“‘मी खाल्ल्या’ हे कागदावर येता कामा नये,” आबा म्हणाले.

“पण खाल्ल्या ना!”

“खाल्ल्या हे खरं आहे. खोटं मी लिहूच देणार नाही. पण कुणी खाल्ल्या, हे विचारल्याशिवाय आपण कशाला सांगायचं? चौतीस वर्षं नोकरी केली. एक वाक्य खोटं लिहिलं नाही, आणि एकदाही सापडलो नाही.”

अर्ध्या तासाने वाक्य तयार झालं. ‘द क्रॅब्ज हॅड बीन डिस्पोज्ड ऑफ अ‍ॅट द लोकल लेव्हल.’ म्हणजे चिंबोऱ्या स्थानिक पातळीवर निकाली काढण्यात आल्या होत्या.

“पूर्ण भूतकाळ!” आत्याने लाल पेनाने बरोबरची खूण केली.

नूपुरने मसुदा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. ती स्वतःही नव्हती. तिने फ्रिजच्या दाराकडे पाहिलं आणि पाठांतराला बसली.

परळचं ऑफिस एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत चार उमेदवार ओठ हलवत बसले होते. नूपुर त्यांच्या शेजारी टेकली, समोर पाहिलं, आणि पाठ केलेली पहिली तीन वाक्यं तिथेच विसरली.

भिंतभर पोस्टर होतं. निळा समुद्र, लाल चिंबोरी, खाली माणसाएवढा आकडा. १०८०. ‘चिंबोऱ्या परतल्या!’ आणि बारीक अक्षरात: चिंबोरी पुनरागमन प्रकल्पासाठी क्षेत्र-सहायक नेमणे आहे.

आकडा प्राचार्यांकडून इथवर पोचला असणार. म्हणजे ही जागाच तिच्या आकड्यावर उभी होती. आकडा आहे म्हणून प्रकल्प, प्रकल्प आहे म्हणून जागा. खालून एक काढलं की सगळं खाली. पोस्टरवरच्या चिंबोरीला दहाऐवजी आठच पाय होते, हे तिने दोनदा मोजून पाहिलं. ते बहुधा तिचं नाव पुकारेपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून.

आत दोघं होते. फाउंडेशनच्या शास्त्रज्ञ डॉ. माया, आणि जनसंपर्क बघणारा ध्रुव नावाचा तिशीतला माणूस. सगळं इंग्रजीत चाललं. नूपुरने मसुदा म्हणून दाखवला. चार भूतकाळ रांगेत आले आणि रांगेत गेले. ध्रुवने कागदावर दोन खुणा केल्या.

“वंडरफुल,” तो म्हणाला. “आधीच्या चौघांनी स्टेजची भीती कशी घालवली तेच सांगितलं.”

डॉ. माया मात्र कॅल्क्युलेटरशिवाय काहीतरी करत होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. “दुसऱ्यांदा तीस पकडल्या, त्यांत खुणेची एक?”

“हो.”

“तीन दिवसांत? मग बाकीच्या पस्तीस गेल्या कुठे?”

“त्या स्थानिक पातळीवर निकाली काढण्यात आल्या होत्या.”

“म्हणजे काय?”

आबांनी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलं तर काय, ते फायलीत नव्हतं. नूपुरने मान वळवली. काचेच्या दारातून पोस्टरचा ८० दिसत होता. गप्प राहिलं तर जागा बहुतेक आपली. मग पुढची तीन वर्षं रोज त्या खडकांवर जायचं आणि नसलेल्या हजार चिंबोऱ्या शोधायच्या.

“शेवंतामावशीने रस्सा केला,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांनी खाल्ल्या. मी खाल्ल्या. सात. एकीच्या पाठीवर सतरा लिहिलं होतं.”

आणि मग सगळंच सांगून टाकलं. अमावास्या, भरलेल्या चिंबोऱ्या, सर, कवच. तिचं इंग्रजी मध्येच धावायचं, मध्येच अडखळायचं, एकदा तर ती सरळ मराठीतच गेली, पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. एक हजार ऐंशी हा आकडा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे आपल्याला बक्षिसाच्या आधीपासून माहीत होतं, असं सांगून ती थांबली.

ध्रुवने पेन खाली ठेवलं. “पण पोस्टर छापलंय.”

“खऱ्या किती असतील?” डॉ. मायांनी विचारलं.

“पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“मग मोज. चार दिवसांचं काम देते. जागेचं नंतर बघू.” आणि ध्रुवकडे वळून, “आकडा मी बघते. पोस्टर तू बघ.”

चार दिवस म्हणजे नोकरी नव्हे, यावर घरात एकमत झालं. चौघांचाही शेरा तोच होता. नूपुर दुसऱ्या दिवशी बाजारात शेवंतामावशीच्या पाटीसमोर उकिडवी बसली आणि त्या चार दिवसांत खुणेच्या चिंबोऱ्यांना हात लावायचा नाही, असं तिला समजावलं.

“चार दिस? आनि मधी अवस हाय ती?”

“म्हणून तर आधी सांगायला आले.”

“या वेळेला इचारलंस, शानी झालीस.” शेवंतामावशीने सुरी बाजूला ठेवली. “मी नाय घेनार. पन माझ्या एकटीच्या नाय घेन्यानं कय होतंय? पोरं हायत, बाया हायत.”

“मग काय करू?”

“तू कय नको करूस. तू बोललीस तर सगली बघाला येतील नि येताना पिशवी आनतील.”

तिने काय केलं ते नूपुरला नीट कळलं नाही. पण चार दिवस त्या खडकांकडे कुणी फिरकलं नाही. लांबून बायका मात्र तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. पाचव्या दिवशी एकीने जाता जाता विचारलं, “तूच का गो, आपलाच अभ्यास खाल्लेली?”

या वेळी चौतीस चिंबोऱ्यांना खूण केली होती. दुसऱ्यांदा अठ्ठावीस पकडल्या, त्यांत खुणेच्या पंधरा. चौतीस गुणिले अठ्ठावीस भागिले पंधरा. त्रेसष्ट आणि काही. नूपुरने तो आकडा तीनदा तपासला. लहानसा, नीटनेटका, कुणालाही परत न आणणारा आकडा. डॉ. मायांना मेल केला आणि जागा गेली असं धरून चालली.

दोन दिवसांनी ध्रुवचा फोन आला. तो इतका आनंदात होता की नूपुरला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

“अगं, त्रेसष्ट! ब्रिलियंट आहे! दोन वर्षांत एक हजार ऐंशीवरून त्रेसष्ट. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के घट. ट्रस्टीज हादरलेत. पुनरागमन प्रकल्प बंद, चिंबोरी बचाव प्रकल्प मंजूर. तीन वर्षं. नेमणूक तुझी.”

“पण घट झालीच नाही. पहिला आकडा चूक होता.”

“दोन्ही आकडे तुझेच आहेत ना?”

“हो, पण पहिला…”

“पहिल्यावर कॉलेजचा शिक्का आहे.” त्याचा आवाज समजूतदार झाला. “हे बघ नूपुर, त्रेसष्ट होत्या आणि त्रेसष्ट आहेत, याला कुणी प्रकल्प देत नाही. तीस तारखेला ट्रस्टीजसमोर तुझा प्रसंग सांग. इंग्रजीत, तीन मिनिटं. अडीच मिनिटं दुःख, अर्धं मिनिट आशा. रस्सा नको. संपलं की तिथेच नेमणुकीचं पत्र देऊ.”

तिने डॉ. मायांना फोन केला. “अहवालात मी पहिला आकडा अविश्वसनीय असंच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “तळटिपेत. तळटिपा ट्रस्टी वाचत नाहीत, हे ध्रुवला माहीत आहे.” मग म्हणाल्या, “बोलायला मात्र तू उभी राहणार आहेस.”

घरी मसुद्याची पुन्हा तयारी सुरू झाली. आबा पेन्सिलला टोक काढत होते. चौऱ्याण्णव टक्के ऐकून ते खूश होते, टक्केवारीला कुणी जबाबदार नसतं म्हणून. “या वेळी मसुदा नको, आबा,” नूपुर म्हणाली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही, पण कागदही पुढे ओढला नाही.

तीस तारखेला परळच्या हॉलमध्ये साठ-सत्तर खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध मुख्य विश्वस्त जाईबाई बसल्या होत्या, वय ऐंशी, गिरगावच्या, पांढरी साडी, हातात छापील कार्यक्रम. शेवटच्या रांगेत शेवंतामावशी. तिला नूपुरने बोलावलं होतं आणि ती दोन शेजारणींना घेऊन आली होती. मागे नवं पोस्टर होतं. १०८० वरून ६३ कडे घसरणारा लाल बाण. ध्रुव बाजूला उभा, हातात पाकीट. पाकिटावर नूपुरचं नाव तिला स्टेजवरून वाचता येत होतं. उद्या एक तारीख होती.

ती माइकपाशी गेली. तीन मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

“टू इयर्स अगो आय काउंटेड क्रॅब्ज इन वरळी कोळीवाडा,” ती म्हणाली. “देन आय एट सेव्हन ऑफ देम.”

पुढच्या रांगा हसल्या. त्यांना वाटलं, सुरुवातीचा विनोद असेल. नूपुर थांबली नाही. छत्तीस फेटेवाले आणि पंगत, शेवंतामावशीचा रस्सा, पाठीवरचं सतरा, सरांचा लहान नमुना, स्वतःचं गप्प बसणं, सगळं तिने साध्या वाक्यांत सांगितलं. मग मागे वळून बाणाच्या वरच्या टोकावर हात ठेवला आणि म्हणाली, हे कधीच नव्हतं. हसू कुठल्या वाक्याला बंद पडलं ते तिला कळलं नाही. ध्रुव पाकीट पाठीमागे घेऊन उभा होता.

घड्याळ वाजलं. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कुणालाच ठरवता येईना. मग जाईबाईंनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं,

“सात खाल्ल्यास?”

“हो.”

“आणि आता खऱ्या त्रेसष्ट आहेत.”

“हो. चारदोन इकडेतिकडे.”

“पुढच्या वर्षी किती असतील? वाढतील का कमी होतील?”

“माहीत नाही. मोजल्याशिवाय कसं सांगणार?”

जाईबाईंनी ध्रुवकडे हात पुढे केला. त्याने जरा वेळ काही कळत नसल्यासारखं केलं, मग पाकीट दिलं. त्यांनी पत्र काढलं, वाचलं, त्याचंच पेन मागून घेतलं आणि ‘बचाव’ हा शब्द खोडून वर ‘मोजणी’ लिहिलं. ‘तीन वर्षे’ खोडून ‘एक वर्ष’ केलं. पत्र नूपुरच्या हातात देत त्या म्हणाल्या, “त्रेसष्टांना एक वर्ष पुरे. मोज मग.”

नूपुरने पत्र घेतलं. ओली शाई तिच्या अंगठ्याला लागली.

शेवटच्या रांगेतून शेवंतामावशी उठून उभी राहिली.

“ओ बाय,” ती जाईबाईंना म्हणाली, “वरीसभर कय आमी वरनभात खायाचा?”